एकशे पन्नास सेंटिमीटर

पहिल्या वर्षी चित्रं काढायला शिकवतात,
तिसऱ्या वर्षी टांगायला.
हात दोन्हींत मळतात,
दुसऱ्यात कोपऱ्यात सही येत नाही, एवढंच.

वायदिलुते बाईंचा नियम:
चित्राचा मध्य जमिनीपासून एकशे पन्नास सेंटिमीटर.
माणसाची नजर तिथे असते.
कुठल्या माणसाची,
हे मी वहीत उतरवून घेतलं नव्हतं.

क्लायपेदा बंदराच्या पाठीमागे, जुन्या गोदामात
आमच्या कॉलेजची गॅलरी.
दर मे महिन्यात भिंतींना पांढरा हात.
त्याआधी गेल्या वर्षीची भोकं लांबी भरून बुजवायची,
घासायची, पुन्हा घासायची.
तरी बोट फिरवलं की लागतंच
इथे कुणीतरी होतं.

आमचा विषय : कामावरून घरी आल्यावर.
बंदरातल्या लोकांनी फावल्या वेळात केलेलं काहीबाही.
दोविदासने एका वेल्डरचे लोखंडी मासे आणले,
रुस्नेने माल मोजणाऱ्या कारकुनाचं भरतकाम,
प्रत्येक जहाजाला एक टाका कमी.
मी बसमधून मांडीवर घेऊन आले
प्लायवूडचा एक तुकडा :
गोठलेली खाडी, तडकलेला बर्फ, नखाएवढी एक टगबोट.
क्षितिज नाही, आभाळ नाही.
रंगवणारा क्रेन चालवायचा,
सगळं वरूनच बघायचा.

अवस्थेच्या अहवालात मी लिहिलं :
डावा कोपरा फुगलेला.
खाली उजवीकडे गोल डाग, तपकिरी.
कारण अज्ञात.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी
त्याची बायको आली, गेनोवाइते.
रबरी बूट, हातात पाव आणि कांद्याची पात.
मी पाणसळ लावून बसलेली,
बुडबुडा अगदी मधोमध.
त्या लांबूनच म्हणाल्या, हे वर का गेलंय?

मग रंगाच्या डब्यावर बसून त्यांनी सांगितलं
की घरी ते पलंगापाशी होतं, उशीच्या रेषेत.
शेवटची चार वर्षं तो कुशीवर.
आणि तो डाग? तो चहाचा.
मी पेला ठेवायचे, तो म्हणायचा
ठेव, बर्फ वितळू दे जरा.

रुस्ने म्हणाली, लेबलं सगळी एका रेषेत आहेत.
दोविदास म्हणाला, लोकांच्या कमरा.
दोघांचंही खरं होतं.
मी स्क्रू काढला.
बावन्न सेंटिमीटर. टेप दोनदा लावून बघितली.
लेझरची लाल रेघ त्याच्या डोक्यावरून निघून गेली,
वर रिकामं भोक राहिलं,
लांबी सुकायला वेळ नव्हता.

उद्घाटनाला पालिकेचे एक साहेब आले,
हातात वाइन, पोटावर कोटाचं बटण ताणलेलं.
त्यांनी आधी ते भोकच निरखून पाहिलं,
बराच वेळ, मान तिरकी करून.
खाली पाहायला त्यांना गुडघा टेकावा लागला असता,
त्यांनी टेकला नाही.
एक चार वर्षांची मुलगी मात्र सरळ चालत गेली
आणि नाक लावून म्हणाली, होडी.
गेनोवाइते हसल्या नाहीत. पाव खात होत्या.

सगळे गेल्यावर दिवे मालवायचं काम माझं.
फरशी थंडगार. मी आडवी झाले, कुशीवर.
बर्फ डोळ्यांसमोर.
काही क्षण कळेना
मी पडलेय की उंचावर बसलेय,
पोटात गोळा आला, झुल्यावर येतो तसा.

जूनमध्ये सगळं उतरवलं.
माशांचं खोकं, जहाजांची घडी,
प्लायवूड पुन्हा मांडीवर, पुन्हा बस.
अहवालात 'अज्ञात' खोडून लिहिलं : चहा.
एकशे पन्नासवरचं भोक मी बुजवलं, गुळगुळीत केलं.
बावन्नवरचं राहू दिलं.

बाईंनी भिंतीवरून हात फिरवत पाहणी केली,
खाली वाकल्या, थांबल्या.
मी वाट बघत होते.
त्यांनी लांबीच्या डब्याला झाकण लावलं,
अंगठ्याने चारी बाजूंनी दाबलं,
आणि तो कपाटात ठेवून दिला.